छत्र्या विकणाऱ्या उंटाचं काय झालं?

एक

शिक्षण समितीच्या अध्यक्षांना धक्का बसला तो सगळ्यांच्या देखत बसला, आणि त्याचा फोटोही निघाला.

फोटो खरं तर वेगळा निघायचा होता. अध्यक्ष ग्रंथालयाचं उद्घाटन करतात, कपाटातून एक पुस्तक काढतात, ते उघडतात आणि शेजारी भांग पाडून उभ्या केलेल्या मुलीकडे बघून हसतात, असं ठरलं होतं. मुलगी आदल्या दिवसापासून हसण्याचा सराव करत होती.

ग्रंथालय म्हणजे हेडसरांच्या खोलीतलं काचेचं कपाट. ते येऊन चार वर्षं झाली होती. उद्घाटन होईपर्यंत कुलूप काढायचं नाही असा वरून तोंडी हुकूम होता, आणि उद्घाटनाला साजेसा मोठा माणूस मोकळा सापडायला चार वर्षं लागली. तोवर मुलं व्हरांड्याच्या खिडकीतून पुस्तकं बघत आणि तपासणीला आलेले अधिकारी खुर्चीतून. दरवर्षी शेऱ्यात एकच ओळ असे: ‘ग्रंथालय आहे. पुस्तके सुस्थितीत.’

कुलूप निघेना. शिपाईमामांनी तेल सोडलं, हेडसरांनी किल्ली फिरवली, अध्यक्षांच्या ड्रायव्हरने कुलपावर दोन ठोसे दिले, तेव्हा कुठे ते उघडलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मधल्या फळीवरून एक रंगीत पुस्तक काढलं, ‘छत्र्या विकणारा उंट’. कॅमेऱ्याकडे तोंड करून उघडलं.

आत पुस्तक नव्हतं. कव्हर होतं, आणि कव्हराच्या पोटात घडी घालून कोंबलेला निळा पुठ्ठा.

अध्यक्षांनी दुसरं काढलं. त्यातही निळा पुठ्ठा. मग हेडसरांनी घाईघाईने तिसरं, चौथं, पाचवं काढलं, आणि दर कव्हरागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. वरच्या दोन्ही फळ्यांवर, मुलांच्या गोष्टींची म्हणून जेवढी पुस्तकं होती, त्यांची नुसती कातडी उभी होती. सगळ्यात खालच्या फळीवरचे जाडजूड संदर्भग्रंथ तेवढे जागच्या जागी होते. त्यांना कोणी हातही लावला नव्हता.

हेडसर मटकन खुर्चीत बसले. ती अध्यक्षांसाठी ठेवलेली खुर्ची होती. भांग पाडलेल्या मुलीला कोणी थांब म्हणालं नव्हतं, त्यामुळे ती अजून हसत होती.

दोन

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याने चौकशीबाईंना पाठवलं.

हे त्यांचं नाव नव्हे, पण खात्यात खरं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं. पन्नाशीच्या, गुडघ्याने अधू, पिशवीत स्वतःचा कप घेऊन फिरणाऱ्या. त्या आल्या की माणसं आपल्या निर्दोषपणाची उजळणी करत, आणि त्या विचारत भलतंच: इथे पंखा कधी बंद पडला, ही भिंत कोणी रंगवली. माणूस बेसावध झाला की खरं बोलतो, हा त्यांचा अनुभव. नवरा सांगे की घरीही असंच चालतं.

काम सोपं होतं. संध्याकाळी अध्यक्ष पुन्हा येणार होते आणि त्यांना एक नाव हवं होतं. ते नाव पोलिसांकडे जाणार होतं. नाव कोणतं, तेही हेडसरांनी ठरवून ठेवलं होतं.

“चौथीच्या कंत्राटी बाई,” ते म्हणाले. “वर्षभरापूर्वी आल्या. पुरावा स्वच्छ आहे, मॅडम. त्यांचा वर्ग वाचतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे धडाधड वाचतो. पाटी, जाहिरात, औषधाच्या बाटलीवरचं, काय दिसेल ते. आता तुम्हीच सांगा, या वस्तीतली पोरं. घरात कागदाचा कपटा नाही. शाळेत पाठ्यपुस्तक सोडलं तर पुस्तक नाही. मग वाचतात कशावर?”

मुलांना वाचता येणं हा शाळेत चोरीचा पुरावा धरतात, हे चौकशीबाईंनी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी पिशवीतला कप काढून चहा संपवला. मग त्यांनी किल्ली मागितली. हेडसरांनी ती शर्टातून बाहेर ओढून गळ्यातूनच दाखवली. बुटाच्या नाडीत ओवलेली किल्ली ते गळ्यात घालत, आंघोळीलाही काढत नसत. ते तीन वर्षांपूर्वी बदलून आले तेव्हा आधीच्या हेडमास्तरांनी ती स्वतःच्या गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातली होती.

“मधे कधी उघडलं होतंत?”

“मी? हुकूम होता ना मॅडम.” हेडसर दुखावले.

चौकशीबाईंनी कपाट पाहिलं. काच शाबूत, बिजागऱ्या शाबूत. पाठ भिंतीला लागलेली, आणि भिंतीचा रंग मारताना कपाट न हलवल्यामुळे रंगाचा ओघळ दोघांना धरून वाळलेला. खालच्या फळीवर भुग्यासारखी माती पडली होती. जुनं लाकूड, हेडसर म्हणाले. कुलपाच्या आतून कालच्या तेलाबरोबर गंजाचा काळा चिखल बाहेर आला होता.

म्हणजे हे कपाट मधे उघडलंच नव्हतं. आणि पुस्तकं आतून गेली होती.

खात्यात चौकशीबाईंनी बऱ्याच चोऱ्या पाहिल्या होत्या, पण त्या सगळ्या माणसांनी केलेल्या होत्या.

तीन

शिक्षकांच्या खोलीत एकच टेबल होतं, त्याला एक पाय विटांचा. तिथे गणितमास्तर बसले होते. उंच, वाळके, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे. मुलं त्यांना मागून काटकोन म्हणत. शाळेत सगळ्यात जुने तेच, आणि सगळ्यात कडूही. कोणी अधिकारी आला की ते त्याच्यासमोर मोठ्याने म्हणत, या पोरांच्या डोक्यात काही शिरायचं नाही, आमचा नि तुमचा दोघांचा वेळ फुकट जातोय. अधिकारी त्यांच्या वर्गाकडे न फिरकता चहा घेऊन परत जात.

चौकशीबाई आत आल्या तेव्हा मास्तरांनी नुकताच आलेला पेपर टेबलावर पसरला होता. स्टीलची पट्टी घेऊन त्यांनी तो घडीवर सपकन कापला आणि पानं वाटली. पहिलं पान शिपाईमामांना, अग्रलेख हेडसरांना, खेळाचं पान तिसरीच्या बाईंना. चौकशीबाईंच्या हातात हवामान आणि छोट्या जाहिराती आल्या.

“हे काय?”

“पेपर एक, माणसं पाच,” मास्तर म्हणाले. “एकामागून एक वाचायला बसलो तर शेवटच्याच्या हातात येईपर्यंत शाळा सुटते. पाहुणे असल्यामुळे आज माझं पान तुम्हाला.”

हेडसर कौतुकाने म्हणाले, रोजचंच आहे, वाचून झालं की अदलाबदल करतो. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. मास्तर, मॅडमना सांगा, तुम्हाला काय वाटतं, पुस्तकं कोणी घेतली?

“मी घेतली,” गणितमास्तर म्हणाले. “लिहून घ्या.”

हेडसर हसले. शिपाईमामाही पहिल्या पानाआड हसले. मास्तरांचा स्वभावच असा तिरकस, कालही हेच म्हणाले, हेडसरांनी समजावलं. चौकशीबाईही सभ्यतेपुरत्या हसल्या आणि त्यांनी चहा मागवला. मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पट्टी खिशात घातली आणि ते तासाला निघून गेले.

चौकशीबाई चहा पीत छोट्या जाहिराती वाचत राहिल्या. वाचून होताच सवयीने पहिलं पान मागायला त्यांचा हात शिपाईमामांकडे गेला, आणि मधेच थांबला. काहीतरी आठवल्यासारखं झालं होतं. काय, ते हाती लागेना.

चार

चौथीच्या वर्गात कंत्राटी बाई फळ्याशी उभ्या होत्या. पंचविशीच्या असतील. रात्रभर झोप नसलेले डोळे, तरी फळ्यावरचं अक्षर सरळ. प्लॅस्टिकच्या पिशवीतून खडू काढायला गेल्या तर सगळा चुराच हाती आला.

“पिशवीतून का येतात खडू?” चौकशीबाईंनी विचारलं.

“मी आल्यापासून पिशवीतच येतात.” आपल्याला खडूबद्दल का विचारतात, या विचाराने बाई आणखी घाबरल्या.

चौकशीबाई मागच्या बाकावर मुलांच्यात जाऊन बसल्या. गुडघा बाकाखाली मावेना, म्हणून तिरक्या. मुलांना त्यांनी गोष्ट सांगायला लावली. कुठलीही, येत असेल ती. शेजारची दोन वेण्यांची मुलगी ताडकन उठली, हाताची घडी घातली आणि सुरू झाली.

“आणि म्हणूनच अस्वलाने छत्री परत केली. ते म्हणालं, उंटभाऊ, छत्री सुंदर आहे, पण आमच्याकडे पाऊस पडत नाही. उंट म्हणाला, आज ना उद्या पडेल. तेवढ्यात दुकानाच्या दारात—”

मुलगी खाली बसली.

“दारात काय?”

“माझं संपलं,” मुलगी म्हणाली.

खिडकीजवळचा एक मुलगा उठला आणि अजिबात न थांबता पुढे म्हणाला, “दारात कासव उभं होतं. त्याने विचारलं, सगळ्या छत्र्या बांधून का ठेवल्यास? उंट म्हणाला, उघडल्या तर मळतील.” मग तोही मधेच बसला.

चौकशीबाईंना वाटलं ही मुलं चेष्टा करतात. मग त्यांच्या लक्षात आलं, चेष्टा नाही. सगळ्यात पुढच्या मुलाला सुरुवात येत होती, उंटाने वाळवंटात दुकान थाटलं तिथपासून. दुसऱ्याला त्यापुढचं. जोड कुठेच दिसत नव्हता. एक बसला की दुसरा उठे, जणू गोष्टच एका पोरातून दुसऱ्यात उडी मारत होती. आणि मग अगदी रंगात आलेली असताना ती बंद पडली. कोणी उठेना.

“पुढे काय झालं?”

एकदम गलका. पाऊस पडला. नाही, उंट मेला. काहीतरीच, पोलिसांनी दुकान उचललं, माझ्या काकाचं उचललं तसं.

“बाई, शेवट कोणाला माहीतच नाही,” दोन वेण्यांच्या मुलीने शेवटी समजावलं. “शेवट जिच्याकडे होता ती गेल्या वर्षी शाळा सोडून गेली.”

चौकशीबाई हळूच फळ्याकडे वळल्या. कंत्राटी बाईंनी भिंतीला हात टेकला होता. त्यांनी पाहुणीला व्हरांड्यात नेलं, दार लोटलं.

“पानं कुठे आहेत ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण मी सांगणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.”

पाच

हेडसरांना हे कळलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. चौकशीबाईंनी ते त्यांना सांगितलं नाही. त्या कपाटापाशी जाऊन बसल्या, उंटाचं कव्हर मांडीवर घेतलं आणि आतला निळा पुठ्ठा सोडवू लागल्या.

कंत्राटी बाईंनी कोणाचं नाव न घेता सांगितलं ते एवढंच, की मुलं नळाच्या कोपऱ्यावर कागदांची अदलाबदल करतात हे त्या आल्यापासून पाहत होत्या. तुझा वाटा दे, माझा वाटा घे, असं चालायचं. कुठून आले हे वाटे, मुलं बोलत नसत. जुनी पुस्तकं असतील कोणाची तरी, असं समजून त्या वर्गात मुलांकडून गोष्टी म्हणवून घेत. काल अध्यक्षांच्या हातात उंटाचं कव्हर दिसलं तेव्हा ते वाटे कुठले, हे त्यांना कळलं. आता तोंड उघडलं तर पोलीस मुलांच्या घरोघर जाणार. या घरांत पोलीस एकदा आले की पोरं पुन्हा शाळेत येत नाहीत.

पुठ्ठा उलगडला. त्याला कडा होत्या, चिकटवायची जीभ होती. खोकं होतं ते, उघडून सपाट केलेलं. आतल्या बाजूला पांढरी पूड. चौकशीबाईंनी बोट लावलं आणि भिंतीवर रेघ ओढली. उमटली.

त्यांनी शिपाईमामांना हाक मारून विचारलं, खडू पूर्वी निळ्या खोक्यातून यायचे का. यायचे की, मामा म्हणाले. हे सर येण्याआधी. मग वरून पिशव्या सुरू झाल्या आणि खडूचे तुकडे.

चौकशीबाईंनी डोळे मिटले. कपाट मधे कधी उघडलं नव्हतं. पुठ्ठे जुन्या खोक्यांचे होते. म्हणजे कपाटातून पुस्तकं गेलीच नव्हती. कुलूप लागलं तेव्हाच आत नुसती कव्हरं होती. चार वर्षं या खात्याने रिकाम्या कव्हरांवर पहारा केला होता, आणि दरवर्षी लिहिलं होतं, सुस्थितीत.

कंत्राटी बाई तेव्हा या शाळेत नव्हत्या. हेडसरही नव्हते.

“सर,” त्यांनी विचारलं, “तुम्ही ताबा घेतला तेव्हा पुस्तकं मोजून घेतलीत?”

“म्हणजे काय, एकन् एक मोजली,” हेडसर ताठ बसत म्हणाले. “काचेतून.”

चोर शोधणं मग कठीण नव्हतं. कातडी सोलायची तशी पानं फाडलेली नव्हती. कव्हराच्या कण्याला एकही चिंधी लोंबत नव्हती. शिवणीचा दोरा उसवून प्रत्येक घडी सरळ पट्टीने वेगळी केली होती. एक पुस्तक, चाळीस मुलं. एकामागून एक वाचायला बसली असती तर शेवटच्याच्या हातात येईपर्यंत त्याची शाळा सुटली असती.

चौकशीबाईंच्या पिशवीत अजून हवामानाचं पान होतं. त्यांनी ते काढून उसवलेल्या कव्हराशेजारी ठेवलं.

सहा

मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना हेडसरांच्या खोलीत बोलावलं. कंत्राटी बाई दाराशी उभ्या राहिल्या, जवळ रुमालात गुंडाळलेला राजीनामा. चौकशीबाईंनी कुलपाचा गंज दाखवला, खडूचं खोकं दाखवलं, उसवलेली शिवण दाखवली. मग गणितमास्तरांकडे वळून म्हणाल्या, पुस्तकं तुम्ही घेतलीत.

“सकाळीच सांगितलं होतं,” मास्तर म्हणाले. “तुम्ही चहा मागवलात.”

हेडसर खुर्चीतून अर्धे उठले. मास्तर, तुम्ही? तुम्हीच ना म्हणत होता, या पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही?

“म्हणतो. तसं म्हटलं की कोणी अधिकारी वर्गात डोकावत नाही. पोरं निवांत वाचतात.”

मग ते बोलले, प्रमेय सांगावं तसं, कोणाकडे न बघता. पुस्तकं आधी आली होती, कपाट नंतर. तोवर पोती त्यांच्याच वर्गात पडून होती, आणि पोरं पोत्यावर बसून वाचत होती. आधीचं पोर पान उलटायला उशीर करतं म्हणून मारामाऱ्या व्हायच्या. मग कपाट आलं. हुकूम आला, पुस्तकं कपाटात आणि कपाट कुलपात. पोरांच्या हाताने खराब होतील.

“मी हुकूम पाळला. वर जी नावं कळवायची होती ती कव्हरांवर होती. कव्हरं कपाटात ठेवली. आतलं कोणी मागितलं नव्हतं.” ते थोडं थांबले. “प्रत्येकाला एक वाटा दिला. पुढचं हवं तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जा, त्याचं वाच, त्याला तुझं दे. चौथी झाली की वाटा खालच्या वर्गाला द्यायचा. शाळेत आणायचा नाही. बस.”

“आणि खालची फळी?” चौकशीबाईंनी विचारलं. “ते ग्रंथ का नाही नेले?”

“चाळून पाहिले होते. पोरांनी काय पाप केलं होतं?”

हेडसरांना आता कंठ फुटला. ही शासनाची मालमत्ता आहे. मास्तरांचं जे व्हायचं ते होईल, पण अध्यक्ष येण्याच्या आत सगळा मुद्देमाल जमा झाला पाहिजे. निदान उरलासुरला. चार वर्षं या पोरांच्या घरात, चुलीपाशी, पाण्यापाशी. काय उरलं असणार?

ते एवढ्या तावाने बोलले की हाताचा धक्का कपाटाला लागला. खालच्या फळीवरचा एक जाड ग्रंथ पुढे झुकला आणि जमिनीवर आपटला. आपटला म्हणजे फुटला. आतून मातीची ढेकळं आणि पांढऱ्या अळ्यांसारखं काहीतरी वळवळत बाहेर आलं. चौकशीबाईंनी दुसरा ग्रंथ ओढला; तो कण्याला धरून वर आला आणि पोट फळीवरच राहिलं. सगळी फळी वाळवीने पोखरली होती. ज्यांना कोणी हात लावला नव्हता त्या पुस्तकांपैकी एकही पुस्तक पुस्तक उरलं नव्हतं.

हेडसरांनी, तीन वर्षांत पहिल्यांदाच, गळ्यातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

सात

मुलांना वाटे आणायला घरी पाठवलं. कंत्राटी बाई फाटकापाशी उभ्या राहून प्रत्येकाला सांगत होत्या, कोणी रागावणार नाही. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास दिसत नव्हता.

मुलं परत आली. व्हरांड्यात ओळीने बसली आणि प्रत्येकाने आपापला वाटा समोर ठेवला. चौकशीबाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. दुधाच्या पिशवीत घातलेला एक. सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं कव्हर घातलेला एक. फाटलेली कड औषधाच्या पट्टीने जोडलेली. एकावर हळदीचा डाग आणि त्याला पेन्सिलीने काढलेली चौकट, शेजारी लिहिलेलं, हा डाग माझ्या आधीचा आहे. वापरून वापरून पानं मऊ कापडासारखी झाली होती, पण पानं होती. चौकशीबाई ती कव्हरांशी लावून बघत गेल्या. एक पुस्तक पूर्ण झालं, दुसरं झालं, मग रांगेतली सगळी होत गेली. उंट तेवढा राहिला. त्याची शेवटची घडी नव्हती.

तेवढ्यात अध्यक्षांची गाडी आली.

ते उतरले ते नाव विचारतच. चोर कोण? चौकशीबाई म्हणाल्या की चोरी झालेली नाही. पुस्तकं मुलांसाठी आली होती आणि मुलांकडे आहेत. एका मास्तरांनी कव्हरं वेगळी ठेवली हे त्या लिहिणार आहेत. त्याची शिक्षा नियमात कुठे आहे ते खात्याने शोधावं, तोवर मास्तर निवृत्त झालेले असतील. आणि ती चोरीच आहे असं कोणाचं म्हणणं असेल, तर न उघडलेल्या कपाटाचा ताबा काचेतून मोजून कोणी घेतला, तेही लिहावं लागेल.

“चोरी नाहीच,” हेडसर घाईने म्हणाले. “मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.”

कंत्राटी बाईंनी हातातला रुमाल पिशवीत टाकला आणि एकदम पायरीवर बसल्या.

अध्यक्षांनी समोरची रांग पाहिली. मग उगाच काहीतरी विचारायचं म्हणून, कालपासून डोक्यात राहिलेलं तेच विचारलं. “त्या उंटाचं पुस्तक सगळं आहे?”

“शेवट नाही,” मुलं एका सुरात म्हणाली.

“आहे,” फाटकातून आवाज आला.

फाटकाच्या गजांना धरून एक मुलगी उभी होती. बाकीच्यांपेक्षा डोकाभर उंच, अंगात मोठ्या माणसाचा सदरा. ही ती, शाळा सोडून गेलेली. आता मावशीच्या इस्त्रीच्या दुकानात बसते, दोन वेण्यांची मुलगी चौकशीबाईंच्या कानाला लागली. उजव्या मनगटावर जुन्या भाजल्याचा पट्टा होता. वाटे परत मागितलेत, पोलीस येणार आहेत, असं तिला कोणीतरी धावताना ओरडून सांगितलं होतं.

“मी चोरला नाही,” ती मास्तरांना म्हणाली. “खालच्या वर्गाला द्यायचा असतो ना, पण मी कुठल्याच वर्गात नव्हते. मग कोणाला देऊ?”

तिने सदऱ्यातून वाटा काढला. बाकीच्या सगळ्यांचे चुरगळलेले, हा कोरा करकरीत, चारही कोपरे काटकोनात. तिने त्याला इस्त्री केली होती.

“वाच,” मास्तर म्हणाले.

ती फाटकातच उभी राहून वाचू लागली. आधी अडखळत, मग नाही. छत्र्या कोणी घेत नाही म्हणून उंट कंटाळला. त्याने दुकान बंद करायचं ठरवलं. टाकून देण्याआधी एकदा बघावं म्हणून त्याने एक छत्री उघडली. मग दुसरी. मग सगळ्या. वाळूवर सावली पडली, एवढी मोठी, की आधी कासव येऊन बसलं, मग अस्वल, मग ज्यांनी छत्र्या परत केल्या होत्या ते सगळे. कोणी काही बोलेना, इतकं गार वाटत होतं. उंट म्हणाला, अरे, हे आधी का नाही सुचलं.

पाऊसवाल्या मुलाने उंट मेलावाल्याकडे पाहिलं. अध्यक्षांच्या हातात कालचं कव्हर होतं. ते त्यांनी दोनदा उघडून मिटलं, जणू आता तरी आत काही सापडेल.

चौकशीबाईंनी शेऱ्याचा कागद काढला. कपाट वाळवीमुळे मोडीत काढावं, असं लिहिलं. मग खाली लिहिलं, ‘ग्रंथालय आहे. पुस्तके सुस्थितीत.’ आणि सही करण्याआधी ती ओळ पुन्हा एकदा वाचून पाहिली.

मुलगी अजून फाटकातच होती. तिने पानं नीट घडीवर मिटली आणि मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी हात पुढे केला नाही.

“सर,” तिने विचारलं, “पण उंटाने वाळवंटात छत्र्यांचं दुकान काढलंच कशाला? मला सुरुवात माहीतच नाही. वाटा मिळाला आणि लगेच शाळा सुटली, माझ्याकडे शेवटच होता.”

पुढच्या बाकाचा मुलगा सांगायला उठला. मास्तरांनी त्याला नजरेनेच खाली बसवलं.

“सुरुवात उद्या,” ते म्हणाले. “वर्गात. वाटा घेऊन ये.”

मुलीने कंत्राटी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पायरीवर बसल्या बसल्याच सरकून बाजूला जागा केली.